जनसुनावणीतला पहिला ‘व्हय म्हाराजा’

आमच्या गावच्या जनसुनावणीत पहिला ‘व्हय म्हाराजा’ मी म्हटला. हे बायकोला सांगितलेलं नाही, काकाला सांगितलेलं नाही, आणि त्या सुनावणीवर मी जो लेख लिहिला त्यात तर मुळीच नाही.

मी घाटावरच्या एका विधी महाविद्यालयात शिकवतो. विषय, शासनाचे निर्णय आणि त्यांतला लोकांचा सहभाग. या विषयावर मी भरपूर बोलतो. घरात मात्र माझ्यापेक्षा कुकर जास्त बोलतो. गाव तारकर्लीच्या अलीकडे. तिथे काका रापणीचा पुढारी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून बाहेर काढायचं भलंमोठं जाळं. ते सुकवायला आणि होडी चढवायला जी वाळू लागते, ती किनाऱ्याच्या नव्या आराखड्यात पर्यटकांच्या गाड्यांसाठी दाखवली होती. वाळू गेली की रापण गेली, एवढा साधा मामला. त्यावर गावाचं म्हणणं ऐकायला साहेब येणार होते. अभ्यासाला घरचाच विषय मिळाला म्हणून मी रजा टाकून गेलो. विरोध करायला काका धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत. मी सगळ्यात मागे, खिडकीशी, एकटा.

सुनावणी दुपारच्या जेवणानंतर ठेवलेली. ती वेळ ज्याने ठरवली त्याला एकतर राज्यकारभारातलं फार कळत असावं, नाहीतर बांगड्याचं तिखलं-भात जेवल्यावर येणाऱ्या झोपेतलं काहीच कळत नसावं. अर्धी सभा पेंगत होती. साहेब सज्जन, घाटावरचे. संथ, गोल आवाजात आराखडा वाचत होते. “सदर क्षेत्र वाहनतळासाठी विकसित करण्यात यावे... तसेच त्यायोगे समस्त ग्रामस्थांचे कल्याण साधले जावे.” आणि पाणी प्यायला थांबले.

ती लय मी ओळखली. गाऱ्हाण्याची. आमच्या देवळात एकजण सगळ्या गावाचं मागणं देवापुढे घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. साहेबांनी ‘कल्याण’ म्हणून दम घेतला, त्या पोकळीत माझ्या तोंडून निव्वळ गंमत म्हणून निघालं, “व्हय म्हाराजा.”

हळूच म्हटलं, असं मला वाटलं. पण वर्गात शिकवणाऱ्याचं ‘हळूच’ समोरच्या भिंतीपर्यंत जातं.

पुढच्या वाक्याला अख्खी सभा म्हणाली. जागे होते ते म्हणाले, आणि पेंगत होते ते त्यांच्याही आधी म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज काकाचा. देवळात गाऱ्हाणं तोच घालतो. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची पाळी बिचाऱ्यावर जन्मात आली नव्हती. ती त्याने सोडली नाही. साहेबांना वाटलं, ही इथली मान द्यायची रीत. ते प्रत्येक कलमानंतर थांबून, मान किंचित लववून हुंकार घेऊ लागले. शेवटी त्यांनी विचारलं, “कोणाची काही हरकत?”

“व्हय म्हाराजा!”

साहेबांनी प्रसन्नपणे कागद मिटले. इतिवृत्तात आलं, ग्रामस्थांनी एकमुखाने सहमती दर्शवली.

काका भानावर आला तो चहा पिताना. “कोणी रे काढल्यान पयलो आवाज?”

मी कपात बघत राहिलो. संशय गेला रापणीतल्या एका गड्यावर, कारण तो पितो. खरं तर त्या दिवशी तो गावात नव्हताच. पण विचारल्यावर तो म्हणाला, “मी कट्ट्याच्या बाजारात होतंय. पण म्हटला आसतला मीया. माजो काय भरवसो?” झालं. तेव्हापासून त्याला मासे देतात, पण दोराला हात लावू देत नाहीत. तो वाळूत बसून दुसऱ्यांना ओढताना बघतो.

मी काय केलं? लेख लिहिला. किनाऱ्यावरच्या समाजात सहमती पारंपरिक रूपात कशी प्रकट होते, असा. त्यात एक शब्द घातला, ‘उत्स्फूर्त’. तो खोटा आहे हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. चर्चासत्रात टाळ्या पडल्या. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चहाच्या रांगेत मला पुढे घेतलं, याहून मोठा मान आमच्या क्षेत्रात नाही.

मग काका म्हणाला, “तू कायद्याचो मास्तर मा रे? मगे तूच लिही हरकत. आमका सरकारची भाषा येणा नाय.”

लिहिली, काकाच्या सहीने. मन लावून लिहिली. सवयीचा हुंकार म्हणजे संमती नव्हे, असं ठणकावून. उत्तर आलं की एका अभ्यासकाच्या लेखानुसार सदर सहमती उत्स्फूर्त होती. तसे नसल्यास फेरसुनावणीत सांगावे. इतकी वर्षं लिहितोय, शासनाने माझं काही वाचल्याचा हा पहिलाच पुरावा.

काकाला ते उत्तर मीच वाचून दाखवलं. तो भडकला. “ह्यो कोण शाणो रे, उत्स्फूर्त म्हणान लिवणारो? घेवन ये तेका हंय. नारळासारखो सोलतंय.”

“बघूया,” मी म्हणालो.

फेरसुनावणीसाठी काकाने युक्ती काढली. तो पिणारा गडी उभा राहून सांगेल, ‘पहिला आवाज माझा, नशेत निघाला, बाकीचे सवयीने ओढले गेले.’ बदल्यात त्याला दोर परत. आणि काय बोलायचं ते त्याला शिकवणार मी, कायद्याचा मास्तर.

परवा अंगणात त्याला बसवून शिकवलं. तो मनापासून शिकत होता. मध्येच म्हणाला, “भाऊ, म्हटला कसा मीया? मोठ्यान काय हळू?”

“हळूच,” मी म्हणालो. “साहेब पाणी पीत होते तेव्हा.”

त्याने लगेच विचारलं, “तुका कसा म्हायत?”

“अंदाज.”

त्याने मान डोलावली आणि वाक्य परत म्हणून दाखवलं. चांगलं म्हणाला. माझ्यापेक्षा खरं वाटलं.

फेरसुनावणी जवळ आली आहे. तो उठायच्या आधी मी उठायला हवं. पहिला आवाज माझा होता, हे एक वाक्य साहेबांपुढे आणि काकापुढे बोलणं, आणि तो लेख मागे घेणं, एवढं माझं देणं आहे. त्या माणसाचा दोर मीच घेतलेला आहे. तो मी अजून परत केलेला नाही.