चिमाबाईचं कूळ

संगप्पा कारकुनाचं चिमाबाईकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या काठीमुळे. सोलापूरच्या सरकारी खजिन्याच्या खिडकीतून आधी मेंढरं वळायची काठी आत आली आणि मागून आवाज आला, "अण्णा, माजं कूळ हितंच बसतंय न्हवं?"

"कोणतं कूळ, बाई?"

"सरकार."

संगप्पाने दचकून दाराकडे पाहिलं. साल एकोणीसशे एकतीसचं होतं, राज्य इंग्रजांचं. सरकारबद्दल वावगा शब्द उच्चारण्याचे ते दिवस नव्हते आणि दाराशी पोलीस शिपाई उभा होता.

बाईचं म्हणणं मात्र सरळ होतं. ती होटगीची धनगरीण. नवरा गेला, मेंढरांमागे रानोमाळ हिंडायला घरात गडीमाणूस उरला नाही. तिने सगळा कळप विकला आणि स्टेशनमास्तरांच्या सल्ल्याने पाचशे रुपयांचा पाच टक्क्यांचा सरकारी रोखा घेतला. दर सहा महिन्यांनी साडेबारा रुपये व्याज मिळायचं. सावकाराकडून जो पैसे नेतो तो सावकाराचं कूळ, हे तिला ठाऊक होतं. तिच्याकडून सरकारने नेले होते.

संगप्पाला चुकीचा शब्द खपत नसे. "कूळ म्हणू नका. ह्या कागदाला कर्जरोखा म्हणतात. म्हणा बघू."

चिमाबाईने तीन वेळा म्हणून दाखवलं, अंगठा उठवला आणि पैसे कनवटीला लावून ती गेली.

सहा महिन्यांनी काठी पुन्हा आत आली. या वेळी तिच्यासोबत खांद्यावर घोंगडं टाकलेला, मिशा फेंदारलेला एक गृहस्थ होता. हा मैंदर्गीचा धुळा. त्याच्या लेकाशी चिमाबाईच्या लेकीचं, मायाक्काचं लग्न ठरलं होतं, सुपारीही फुटली होती.

"अण्णा, तुमच्या शब्दानं माज्या पोरीचं लगीन मोडाय लागलंय," चिमाबाई म्हणाली. "ह्येनी इचारलं, घरात काय हाय? मी शिकवल्यावानी सांगितलं, पाचशेचा कर्जरोखा हाय."

"मग काय!" धुळा उसळला. "कळप इकला, वर पाचशेचं कर्ज! सहा म्हयन्याला कचेरीत हप्ता भराय जाती, सगळी होटगी बगती. उद्या माज्या पोराच्या गळ्यात पडंल की!"

"सून करताना कूळ बघत्यात न्हवं?" चिमाबाईने काठी आपटली. "हे बगा माजं कूळ. सांगा अण्णा, कोण कुणाचं देणं लागतंय!"

संगप्पाला घाम फुटला. शिपाई जवळ येऊन ऐकू लागला होता. सरकार एका धनगरणीचं देणेकरी आहे, हे भर कचेरीत कसं म्हणायचं? त्याने एक युक्ती काढली. रोखा उघडला आणि त्यातला मजकूर मराठीत करून, कीर्तनकारासारखा खड्या आवाजात वाचला, "हिंदुस्थान सरकार या बाईस व्याज देण्याचे वचन देत आहे." आणि साडेबारा रुपये एकेक करून खिडकीत वाजवून ठेवले.

धुळा रुपयांकडे बघतच राहिला. "म्हंजी... सरकारनं तुमच्याकडनं घेतल्यात?"

"व्हय."

"आन् बुडिवलं तर?"

"मेंढरू रोगानं मरतंय, लांडगा नेतोय," चिमाबाई म्हणाली. "सरकार अजून कुणी नेलेलं न्हाय."

शिपायाला ठसका लागला. संगप्पाने टाक उगीचच दौतीत तीनदा बुडवला.

धुळाच्या मिशा खाली आल्या होत्या. तो हळूच म्हणाला, "इहीणबाई, मग ह्यो कागूद पोरीच्या नावावर..."

"पोरीला घोंगडी देते, भांडी देते, दुभती शेळी देते. कूळ माजं हाय. ऱ्हायलं, तर मी मेल्यावर पोरीचं."

धुळाने जरा विचार केला. "शेळी कुठल्या रंगाची?" त्याने विचारलं आणि संगप्पाला कळलं, लग्न आता मोडत नाही.

मायाक्का मैंदर्गीला नांदते, तिला दोन मुलं आहेत. चिमाबाई होटगीतच राहते. वर्षातून दोनदा ती खिडकीशी येते, आणि आता संगप्पाच तिला विचारतो, "काय चिमाबाई, कूळ बघायला आलात?"