रिकामी जाणारी विमानं

२६ फेब्रुवारी. सकाळी धावपट्टीवर विरळ धुकं होतं, साडेआठला उठलं. दुपारी छत्तीस अंश. वारा पश्चिमेचा, साधारण.

मी रोज असंच लिहितो. आधी हवा, मग विमान, मग माणसं. आमच्या धावपट्टीवर आठवड्यातून एखाददुसरंच विमान येतं, तरी अकरा वर्षांत सतरा वह्या भरल्या. चहाच्या टपरीवर मित्र म्हणतात, "देवीदासभाऊ, तुमच्या वहीतलं सांगा न काही!" सांगतो. हसतात. पण एक पान मी कुणाला वाचून दाखवलेलं नाही. ते शेवटी सांगतो.

आधी धंदा सांगतो, कारण भाड्याचं विमान कसं चालतं हे लोकांना ठाऊक नसतं. त्याला तिकीट नाही, तिकिटाची खिडकी नाही, रांग नाही. मुंबईला, कंपनीच्या ऑफिसात, फोन करायचा. कुठून कुठे, किती माणसं, किती वजन, हे सांगितलं की पूर्ण विमान तुमचं. त्या दिवसापुरता विमानाचा मालक गिऱ्हाईकच! जमिनीवरचं काम माझ्याकडे. परवानगीचे कागद फिरवायचे, गाड्या बोलवायच्या, प्रवाशांची यादी करायची. विमान उतरण्याआधी अग्निशमनची गाडी आणि अ‍ॅम्ब्युलन्स पट्टीवर हजर लागतात, आणि विमान परत उडेपर्यंत दोन्ही हलत नाहीत. पट्टीवर दिवे नाहीत, म्हणून सूर्य बुडाला की सगळं बंद.

माझ्यासोबत सोमाजीभाऊ. पट्टीचे चौकीदार. पट्टीच्या कुंपणाला लागूनच त्यांचं घर, आणि घरात त्यांची बायको, अनुसयाबाई.

* * *

माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. एक कंत्राटदार साहेब पहिल्यांदा भाड्याच्या विमानानं निघाले होते. दोन तास आधी आले! हातात ओळखपत्र, पोटाशी बॅग. इकडेतिकडे बघून सोमाजीभाऊंना विचारतात, "गेट नंबर कोणता?"

सोमाजीभाऊंनी लोखंडी फाटकाकडे बोट दाखवलं. "एकच गेट हाये साहेब. तेही म्हशी आल्या का लावतो."

साहेबांनी ओळखपत्र खिशात ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "एटापल्लीला एक साईट आहे. तिथं उतरेल का हो हे विमान?"

"एटापल्लीले एसटी पोचते तेच लय झालं जी!"

* * *

वडसाच्या एका राईस मिलवाल्यानं मुलाच्या वरातीसाठी विमान सांगितलं. खुर्च्या आठ. आले बारा!

मी म्हटलं, "शेठ, आठच बसतील."

"काऊन? जीपमंदी चवदा बसतात न! ही तं जीपपेक्षा लांब हाये."

त्यांना समजावलं की विमानात प्रश्न वजनाचा असतो, आणि ऊन तापलं की विमानाला तेवढंच वजन उचलायला जास्त पट्टी लागते. कॅप्टननं काटा मागवला. आम्ही एकेकाला धानाच्या पोत्यासारखं काट्यावर उभं केलं. शेवटी कॅप्टन म्हणाले, सातच न्या. शेठनी पाच जण उतरवले. दोन मामा, एक फुफा, एक फोटोवाला आणि भटजी.

नवरदेव घाबरला. "बाबा, मंग लगन कोन लावन?"

"तिथला लोकल पाहू," शेठ म्हणाले, आणि भटजींच्या खुर्चीवर मिठाईचे खोके ठेवले.

* * *

एक पुढारी तालुक्याला सभेसाठी आले होते. परतीची वेळ साडेचारची. माझ्या खोलीत भिंतीवर वर्षभराच्या सूर्यास्ताचा तक्ता आहे, तो मी स्वतः लिहिलेला. त्या दिवशीचा सूर्यास्त पाच पस्तीसचा. पुढारी आले पाच पन्नासला, गळ्यात सात हार.

कॅप्टननं नाही म्हटलं. पुढारी माझ्यावर चिडले. "दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे! वर कुणाशी बोलायचं ते सांगा, मी बोलतो. वेळ वाढवून घेतो."

सोमाजीभाऊ फाटकावरून शांतपणे म्हणाले, "सूर्य कोनाच्या खात्यात येते जी?"

पुढारी मोटारीनं नागपूरला गेले. सोमाजीभाऊंना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर मीच लिहून दिलं. त्यात लिहिलं की चौकीदारास सदर बाबीची खरोखरच माहिती नव्हती.

* * *

आता हसू येणार नाही असा किस्सा.

तो नोव्हेंबरचा महिना होता. एक नट उद्घाटनाला आला होता. विमान बाराला उतरलं. अग्निशमनची गाडी उभी, अ‍ॅम्ब्युलन्स उभी, नट फीत कापायला गेला.

अनुसयाबाई त्या वर्षी सिंदेवाहीकडे धान कापायला गेल्या होत्या. डोळ्यात कुसळ गेलं. त्या दिवशी दुपारी तशाच पदर लावून घरी आल्या. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून अधू. कुसळ गेलं ते उजव्यात.

सोमाजीभाऊ अ‍ॅम्ब्युलन्सपाशी गेले. घरापासून अ‍ॅम्ब्युलन्स पन्नास पावलांवर. आतल्या नर्सनं डोळा पाहिला, थेंब टाकले, म्हणाली, "लवकर मोठ्या दवाखान्यात न्या."

"मंग चला न!"

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, विमान उडेपर्यंत मी चाक हलवू शकत नाई."

"पर विमानाले तं काईच झालं नाई!"

"झालं तर?"

नट पाच तासांनी आला. त्याला वाघाच्या चित्राचा टी-शर्ट हवा होता, तो घ्यायला गाडी बाजारात गेली होती. तोवर अनुसयाबाई पायरीवर बसून होत्या, पदर डोळ्यावर. विमान उडालं, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स त्यांना घेऊन सुटली. डोळ्यात बुरशी धरली होती, ती पुढं वाढतच गेली. दोन महिन्यांत बुबुळ दुधासारखं पांढरं झालं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ बदललं तर दिसेल. कुणी नेत्रदान केलं की यादीप्रमाणे नंबर लागतो. फोन आला की त्याच दिवशी यायचं. सोमाजीभाऊंनी एक पिशवी भरून खुंटीला टांगली. दोन लुगडी, आधार कार्ड, दवाखान्याची फाईल. ती पिशवी वर्षभर टांगलेली होती. अनुसयाबाई अंदाजानं स्वयंपाक करायच्या आणि रोज एकदा हात लावून पिशवी जाग्यावर आहे का ते पाहायच्या.

* * *

भाड्याच्या विमानातली सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे रिकामी फेरी. गिऱ्हाईकाला सोडलं की विमान रिकामं परत जातं. गिऱ्हाईकानं दोन्ही बाजूचं भाडं भरलेलं असतं, म्हणून रिकाम्या खुर्च्याही त्याच्याच.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सोमाजीभाऊंनी मला तीनदा विचारलं, "म्हंजे आठही खुर्च्या रिकाम्या जातेत? नागपूरवरी? कोनीच नाई?"

"कुणीच नाही."

"अन् आपुन एसटीत उभे राहून जातो!"

अशा फेरीत कधीकधी कुणाची वर्णी लागते. एकदा एका अधिकाऱ्याच्या पुतणीची परीक्षा होती, बस चुकली. मी मुंबईला विचारलं. मुंबईनं गिऱ्हाईकाला विचारलं. उत्तर आलं, "थांबवा विमान." वीस मिनिटांनी होकार आला, पोरगी गेली. दुसऱ्यांदा एका बाईंचा कुत्रा गेला. तेव्हाही आधी "थांबवा" आलं, मग होकार. यादीत मी त्याचं नाव लिहिलं, ब्राऊनी, वजन अकरा किलो. तो खिडकीजवळ बसला!

यावरून मी एक गोष्ट शिकलो होतो, आणि मला तिचा अभिमान होता. आमच्या धंद्यात नाही म्हणायचं असलं की लगेच नाही म्हणतात. 'थांबवा' म्हणाले की हो येणार असतं.

* * *

आता ते पान. २६ फेब्रुवारीचंच.

बारा वाजून दहा मिनिटांनी विमान उतरलं. एक उद्योजक, त्यांच्या मॅडम, तीन नातेवाईक. ताडोबाला निघालेले. पाचही जण जाड जॅकेटं घालून उतरले! मॅडम म्हणाल्या, "जंगलात थंडी असते ना?" छत्तीस अंशांत सोमाजीभाऊंनी त्यांच्या बॅगा गाडीत ठेवल्या. विमान दोन वाजता नागपूरला रिकामं परत जाणार होतं.

बारा पस्तीसला सोमाजीभाऊंचा फोन वाजला. नागपूरचा दवाखाना. डोळा मिळाला आहे, संध्याकाळी सहाच्या आत भरती व्हा, उशीर झाला तर पुढच्या नंबरला देऊ.

सोमाजीभाऊ पळत घरी गेले आणि पिशवी घेऊन आले. मागे अनुसयाबाई, एक हात त्यांच्या खांद्यावर.

"एकची एसटी पकडतो देवीदासभाऊ. पाचवरी पोचतो."

मी म्हणालो, "सोमाजीभाऊ, थांबा. एसटी कशाला? विमान दोनला नागपूरलाच जातंय. बावीस मिनिटं. तीनला बाई दवाखान्यात."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आमाले बसू देतीन?"

"कुत्रा बसला, बाई नाही बसणार?"

अनुसयाबाई हसल्या. "मले भेव वाटते बाप्पा. पर दिसतच नाई तं भेव कायचं?"

कॅप्टन एक तरुण बाई होत्या. लगेच म्हणाल्या, "मेरी तरफ से कोई दिक्कत नहीं. मुंबई से पूछ लो." मी विचारलं. मुंबई म्हणाली, गिऱ्हाईकाला विचारतो. मी यादीचा कागद काढला आणि लिहून ठेवलं, अनुसया सोमाजी, वय ५३. काट्यावर उभं केलं. वजन एक्केचाळीस किलो.

एकची एसटी गेली.

एक वीसला मुंबई म्हणाली, साहेब जेवतायत, सेक्रेटरीला निरोप दिला आहे.

एक पंचावन्नला मुंबईचा फोन, "थांबवा विमान."

मी सोमाजीभाऊंच्या पाठीवर थाप मारली. "झालं काम!"

दोनला साहेब सफारीला गेले. जंगलात मोबाईल नेता येत नाही. अडीचला सोमाजीभाऊ हळूच म्हणाले, "भाऊ, गाडी पाहू का एखादी? आता निंगलो तं पोचतो."

"विमान थांबवलंय सोमाजीभाऊ. नाही म्हणायचं असतं तर दोनलाच उडालं असतं."

त्यांनी मान डोलावली. माझ्या वह्यांवर त्यांचा फार विश्वास.

तीन पन्नासला मुंबईनं कळवलं, रिसॉर्टवरून गाडी निघाली आहे, ती येईपर्यंत थांबा. मला वाटलं, सहीचा कागद येत असेल. अनुसयाबाई सावलीत बसल्या होत्या. चाचपडत वेणी पुन्हा घातली. म्हणाल्या, "विमानात खिडकी असते म्हने. येताना खिडकीपाशी बसवा जी. जाताना कोनालेही बसवा."

मी म्हणालो, येताना विमान नसेल बाई, एसटी असेल.

"मंग एसटीच्या खिडकीपाशी!"

चार चाळीसला गाडी आली. ड्रायव्हर उतरला, डिकी उघडली, एक लाल बॅग काढली.

मी विचारलं, "कागद?"

"कायचा कागद? मॅडमनं जॅकेटं पाठवलीत. म्हणाल्या, गरमीत उगाच जागा अडवतात. विमान जातंच आहे तर नागपूरच्या हॉटेलवर टाका."

मी सेक्रेटरीला स्वतः फोन लावला. तो म्हणाला, "हो, ती चौकीदाराच्या मिसेसची रिक्वेस्ट ना? साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं, बाहेरचं कुणी नको. तुम्हाला कळवायचं राहिलं वाटतं. विमान बॅगेसाठी थांबवलं होतं."

"अजूनही वेळ आहे हो. एक्केचाळीस किलोची बाई आहे."

"साहेब सहानंतर फोनवर येतील."

कॅप्टन बाईंनी घड्याळ पाहिलं, सोमाजीभाऊंकडे पाहिलं, आणि त्या पायऱ्या चढल्या. मी यादीतलं नाव एका रेघेनं खोडलं. बॅग वजन केल्याशिवाय चढवता येत नाही. काट्याजवळ सोमाजीभाऊच उभे होते. त्यांनी ती उचलून काट्यावर ठेवली, मग विमानापर्यंत नेली. मागची सामानाची जागा कुलूपबंद केलेली होती, म्हणून कॅप्टन बाईंनी ती आत घेतली, खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला.

विमान चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उडालं. प्रवासी शून्य. बॅग एक, नऊ किलो. पाच वाजून वीस मिनिटांनी नागपूरला उतरलं. सहा वाजून दोन मिनिटांनी दवाखान्यातून फोन आला. डोळा यादीतल्या पुढच्या माणसाला दिला होता.