निळ्या केबलीतल्या चार तारा

नवीकोरी केबल पातं घालून कापणारी दुकानदारीण मी आयुष्यात एकच पाहिली. शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माल आला की प्रत्येक खोक्यातली, कॉम्प्युटरला डिस्क जोडायची एक केबल ती मधोमध कापायची, वरचं रबर सोलायची आणि आतल्या तारा मोजायची. वेगवान केबलीत आठ-नऊ तारा लागतात, जुन्या संथ केबलीत चार. चार निघाल्या की आख्खं खोकं परत जायचं. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

"आधी काप, मग मोज," हे तिचं ब्रीद. केबलीचं कॉम्प्युटरात खुपसायचं तोंड आतून निळं असलं की ती वेगवान, एवढंच लोकांना ठाऊक. नेमका त्याचाच फायदा घेऊन लबाड लोक चार तारांच्या केबलीला निळं तोंड बसवून विकतात. "गाढवावर झूल टाकली म्हणून त्याचं घोडं हुतंय व्हय?" असं ती येईल त्याला सुनवायची. कापलेल्या खोट्या केबलींचं तिने दुकानाच्या दाराला तोरण बांधलं होतं. घाऊक व्यापारी ते बघून चरफडायचे आणि गिऱ्हाइकं हसायची. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

"एवढा संताप कशाला गं, आक्का?" मी एकदा विचारलं. तिचे हात थांबले.

"सर, माझी आई निपाणीत बिड्या वळायची. एखाद्या बिडीत चिमूटभर तंबाखू कमी भरला, तर कारखान्यातला चेकर आख्खं बंडल तिच्यासमोर मोडून टाकायचा. दिवसभर मान मोडून केलेलं काम. अडाणी बाईला एवढा कडक न्याय, आणि ह्या मोठ्या लोकांनी निम्म्या तारा खाल्ल्या तर कुणी इचारायचं न्हाय? मी इचारणार." त्याच आईने बिड्या वळून तिला पॉलिटेक्निकपर्यंत शिकवलं होतं.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल. माझे वडील हातमागावर साड्या विणायचे. कॉलेजातली नोकरी सांभाळून मी दोन वर्षं शहापुरातल्या म्हाताऱ्या विणकरांचं चित्रीकरण केलं. ते सगळं एका हार्ड डिस्कवर होतं. वडील गेल्यावर त्यांचा आवाज तेवढ्या एका जागी उरला होता, आणि दुसरी प्रत काढायचं काम मी आज-उद्यावर ढकलत आलो होतो. एक दिवस ती डिस्क टकटक वाजू लागली.

आक्काने ती कानाला लावली. "ही आता एकदाच धावंल, सर. तासा-दोन तासांत सगळं उतरून घ्याय पाहिजे. चार-पाच तास लागलं तर मरंल बघा. आई दवाखान्यात हाय, मला निपाणीला जायलाच लागतंय. परवा येतो आणि माझ्या हातानं करतो. तवर हात लावू नगासा."

माझ्याने धीर धरवला नाही. दुसऱ्याच दिवशी मी बाजारातल्या काचेच्या दर्शनी भिंतीच्या मोठ्या कॉम्प्युटर-दुकानातून 'एकदम फास्ट' केबल आणली. तोंड निळं होतं. घरी डिस्क जोडली आणि पडद्यावर आकडा आला: पाच तास. थांबवावं, तर डिस्क पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. मी नुसता बघत बसलो. चौथ्या तासाला टकटक थांबली. वडिलांची फाइल सगळ्यात शेवटी होती, ती अर्ध्यावरच अडली.

आक्का आली, तिने माझं तोंड बघितलं. केबल घेतली, कापली, मोजली. चार. मग दोन दिवस खपून तिने माझ्या कॉम्प्युटरवर अर्धीमुर्धी पोहोचलेली वडिलांची फाइल जेवढी वाचवता आली तेवढी वाचवली. नंतर म्हणाली, "चला."

काचेच्या दुकानात तिने त्या चार तारा काउंटरवर पसरल्या आणि झालं ते सांगितलं. मालक हसला. "फाइली उतरल्याच की थोड्या! केबल चालली म्हणायची. ऱ्हाऊ दे, दुसरी घेऊन जावा."

"दुसरी केबल देतोस. ह्यांच्या वडलांचा आवाज कुठल्या खोक्यातनं काढून देणार?"

"ओ बाई, सगळं मार्केट हेच विकतंय."

सगळं मार्केट विकतंय म्हणून चोरी चोरी राहत नाही काय? तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. आणि तरी मी, तीस वर्षं पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा मास्तर, तिची बाही धरून काय म्हणालो? "जाऊ दे, आक्का." तिने माझ्याकडे असं बघितलं की ते आठवलं तरी अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी तिने दुकान बंद केलं. गिऱ्हाइकं केव्हाच काचेच्या दुकानाकडे वळली होती. तिथे कुणी कापत नाही, कुणी मोजत नाही, सगळे गोड बोलतात. आई गेल्यावर निपाणीकडचा ओढाही संपला, आणि तिने पुण्यात नोकरी धरली. जायच्या दिवशी तोरण उतरवताना तिने ते पातं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "तुमास्नीच लागंल, सर."

वडिलांची अर्धी फाइल मी अधूनमधून लावतो. मागावर बसून ते सांगतात, "आता हा दोरा तुटला. जोडताना घाई करायची न्हाय. आधी काय करायचं, तर..." आणि पडदा काळा होतो. आधी काय करायचं ते मला आता कधीच कळणार नाही.

काल मी त्या काचेच्या दुकानात गेलो. मालकाने ओळखलं नाही. "या सर, एकदम फास्ट," म्हणत त्याने निळ्या तोंडाची केबल पुढे केली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. मी खिशातून कागद काढला, उलगडला आणि पातं काउंटरवर ठेवलं.

"आधी काप," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मग मोजू."