भालाफेकीचा हात आणि दोन सेंटिमीटर

"ताई, गुरुवारी ऑपरेशन हाय. सर्जन बोलले, त्याआधी एकदा परत टेस्ट करा."

प्रणिताने फाइल टेबलावर ठेवली. बावीस वर्षांची, सारसोळ्याची, राज्य पातळीवर भाला फेकणारी. सोबत वडील. दोन महिने तिच्या उजव्या करंगळीला मुंग्या येत होत्या. दुसऱ्या सेंटरच्या रिपोर्टात लिहिलं होतं, कोपराजवळ नस स्लो. सर्जनने ती नस जागेवरून हलवायचं ठरवलं होतं. म्हणजे हा सीझन गेला. भाला पुन्हा हातात येईल की नाही, तेही नक्की नाही.

मी नेरुळच्या न्यूरो क्लिनिकमध्ये अठरा वर्षं एनसीव्ही, म्हणजे नसेच्या वेगाची टेस्ट, करते. नसेला दोन ठिकाणी हलका शॉक द्यायचा. सिग्नल हाताच्या स्नायूपर्यंत पोचायला लागणारा वेळ मशीन सांगतं. दोन ठिकाणांमधलं अंतर आपण टेपने मोजायचं. त्यावरून वेग निघतो.

इलेक्ट्रोड चिकटवताना वडिलांनी विचारलं, "मॅडम, पोरगी रोज एवढी प्रॅक्टिस करते. तिची नस फास्ट नको का?"

"प्रॅक्टिसने मेंदू आणि स्नायूंचं जुळतं, काका. नसेचा वेग फारसा वाढत नाही. उलट फेकून फेकून कोपराशी नस ताणली जाते. फेकणारा हात थोडा स्लो निघू शकतो."

"थोडा म्हंजे किती?" प्रणिताने विचारलं.

तेच बघायचं होतं. जुन्या रिपोर्टात वेग सेकंदाला बेचाळीस मीटर होता. पन्नासच्या वर हवा. अंतर लिहिलं होतं आठ सेंटिमीटर. मला ते कमी वाटलं.

"तिकडे टेस्टला हात कसा ठेवला होता?"

"सरळ. पूर्ण टाइम."

कोपर सरळ असला की आतली नस सैल पडते, तिला वळ्या पडतात. टेप मात्र वरून कातडीवर लागतो, त्यामुळे अंतर कमी भरतं आणि वेगही खोटाच कमी निघतो. मी पेनाने खुणा केल्या. कोपर सरळ, आठ. तोच कोपर वाकवला, दहा. वेळ दोन्हीकडे सारखाच. वेग आला त्रेपन्न. डाव्या हाताचा सत्तावन्न. फेकणाऱ्या हाताला एवढा फरक चालतो.

तेवढ्यात आमचे डॉक्टर आत आले. "स्मिता, बाहेर चार पेशंट बसलेत."

"सर, हिला ऑपरेशन नको असं मला वाटतं."

"तो रिपोर्ट मोठ्या सेंटरचा आहे."

"टेप तुम्हीच लावा सर."

त्यांनी लावला. आठ. मग दहा. माझ्याकडे एकदा बघितलं, खुर्ची ओढली आणि सगळी टेस्ट स्वतः पुन्हा केली. त्रेपन्नच. तिथूनच त्यांनी सर्जनला फोन लावला. "हो, मी स्वतः बघितलं. पण पकडलं माझ्या टेक्निशियनने."

रिपोर्टवर सही सरांची असते. अठरा वर्षांत माझा उल्लेख कधी फोनवर झाला नव्हता. मी मान खाली घालून प्रणिताच्या हातावरची जेल पुसत राहिले. ती रडत होती.

ऑपरेशन रद्द झालं. सहा आठवडे विश्रांती, कोपर वाकवून झोपायचं नाही, मग कोचने फेकायची पद्धत थोडी बदलली. मुंग्या गेल्या. त्याच सीझनला तिने राज्य स्पर्धेत रौप्य मिळवलं. काका क्लिनिकमध्ये भलामोठा जिताडा मासा घेऊन आले. पेशंट नाक धरून बसले होते.

मशीन महाग असतं, म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. टेपकडे कोणी बघत नाही. आता आमच्या प्रत्येक रिपोर्टात कोपर किती वाकवला होता ते छापलेलं असतं. ती ओळ मी घालायला लावली.