आधी गाडी बघू द्या

"बाई, हार नंतर. आधी गाडी बघू द्या."

येवढं बोलून साहेब रस्त्यातच उकिडवे बसायचे. मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघायचे, मंग चाकाकडं, मंग दाराच्या कडीकडं. माझ्या हातात झेंडूच्या लडी, पाटीत शेवंती, तिकडं नवरदेवाकडची माणसं खोळंबलेली, आन् ह्यांचं आपलं निवांत चाललंय. कोणाला वाटायचं गाडीचा मालक हाय, कोणाला वाटायचं आरटीओचा माणूस हाय. तसं काय नव्हतं. त्यांच्या दाराशी नुसती सायकल व्हती.

मी सातपूरला फुलं विकायची. माहेर चांदवडकडचं, शाळा चौथीपर्यंत. नवरा मार्केट यार्डात हमाली करायचा. पोटाच्या दुखण्यानं गेला तेव्हा पोरी लहान व्हत्या. रडले नाय असं नाय, पण सकाळी उठून फूलबाजार गाठावाच लागायचा. फुलं कोणासाठी थांबत नाय. रोजचे हार, वेण्या, त्याच्यावर मीठ-मिरची निघायची. बाकी सगळं लग्नसराईवर. नवरदेवाची गाडी सजवायचं काम मिळालं की पोरींचे कपडे, वह्या, घराचे पत्रे, सगळं त्याच्यातूनच.

नव्वद सालाच्या पुढं आमच्याकडं एका बँडवाल्याची जुनी मोटार व्हती. लांबलचक, वरून उघडी, पुढं बैलाच्या डोळ्यासारखे दिवे, चढताना पाय ठेवायला बाजूनं फळी. इंग्रजांच्या वेळची म्हणायचे. ज्याला वरातीत ऐट करायची त्याला तीच गाडी लागायची. आन् ती सजवायचं काम माझ्याकडं.

साहेब कारखान्यात नकाशे काढायचे, मशीनच्या सुट्या भागांचे. कारखाना सुटला की सायकलवर घरी निघायचे. वाटेत जुनी गाडी दिसली की सायकल तिथंच लावली. त्या मोटारीबद्दल पहिल्या दिवशी मला म्हणाले, "ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे." जशी काय धाकटी बहीणच.

मी म्हणले, "मंग तुमच्यापेक्षा बरी पळती."

लय हसले. त्या दिवसापासून आमची वळख.

तुम्ही पण असा एखादा माणूस बघितला असंल. कोणाला पाखरांचं वेड, कोणाला कुस्तीचं. ह्यांना जुन्या गाड्यांचं. रविवारी आग्रा रोडला जाऊन उभे राहायचे, मुंबईकडनं एखादी जुनी गाडी येती का बघायला. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "लोक रविवारी मटण आणायला बाहेर पडतात, आमचे हे धूर खायला." एकदा कोणीतरी सांगितलं, मनमाडला एका बंगल्यात जुनी गाडी उभी हाय. लगेच रेल्वेनं गेले. दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी थांबले तर मी इचारलं, "दिसली का?"

"झाकून ठेवली होती. मालक गावाला गेलेला."

"मंग फुकट गेली फेरी."

"फुकट कशी? ताडपत्रीवरून आकार कळला की."

आता ह्याला काय म्हणायचं सांगा.

गाडी सजवताना ते मला एकच गोष्ट सारखी सांगायचे. "पुढच्या जाळीवर हार नको. तिथनं तिला वारा लागतो." मी त्यांचं ऐकायची. पण एका लग्नात नवरदेवाचा बाप हटून बसला. म्हणला, "येवढे पैसे मोजतोय आन् गाडीचं तोंड उघडं?" मंग काय, जाळी भरून झेंडू लावला. वरात निम्म्यात आली आन् गाडीच्या नाकातनं वाफ निघाली. बँड थांबला, नवरदेव फेटा धरून उतरला, करवल्या ओरडायला लागल्या. साहेब गर्दीतच व्हते. पुढं गेले, एकेक हार काढून नवरदेवाच्या बापाच्या गळ्यात घालत गेले. बाप बिचारा, त्याला वाटलं मानपान चाललाय. हात जोडून उभा राहिला. जाळी मोकळी झाली, पाणी ओतलं, गाडी चालू. हारांत बुडालेला तो बाप मला अजून दिसतो.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती गौरींची फुलं द्यायला. दोन खोल्यांचं घर. आन् काचेच्या कपाटात गाड्याच गाड्या! माझ्या तळहाताला पुरून थोड्याशा उरतील येवढ्या. लाल, काळ्या, निळ्या, आत बसायला गाद्या, गाद्यांना शिलाई सुद्धा. मला वाटलं खेळण्यातल्या हायेत, नातवासाठी आणल्या असतील.

वहिनी म्हणाल्या, "दाराशी सायकल, कपाटात मोटारी. आणि मला बसस्टॉपपर्यंत चालत जावं लागतं. सांगा बाई."

साहेबांनी मला खोकं उघडून दाखवलं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी. चौकटीला गाडीचे भाग लटकलेले, डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे. ते एकेक नख कापायच्या कात्रीनं तोडायचं, घासायचं, रंगवायचं, चिकटवायचं. खऱ्या गाडीच्या एका फुटाला हिच्यात अर्धा इंच. कोणी मुंबईहून, कोणी परदेशातनं खोकी आणून द्यायचं. एक गाडी व्हायला कधी दिवाळीपासून होळी यायची.

मी म्हणले, "आपली वरातीची मोटार कुठं हाय?"

"तिचं खोकं जगात कुठं मिळत नाही, बाई. ती मलाच पहिल्यापासून करावी लागेल." आन् मंग हळूच म्हणाले, "ती झाली की बास. मग दुसरी नको."

सुरुवात करायला त्यांना लय वर्षं लागली. रिटायर झाले तरी आज करू, उद्या करू. मंग एक दिवस बातमी आली, बँडवाला मोटार विकतोय. मुंबईचा कोणी शौकीन घेऊन चाललाय. लग्नं आता नव्या बंद गाड्यांतनं निघायला लागली व्हती, त्यांना रिबिनी आन् प्लॅस्टिकची फुलं. जुनी मोटार नुसती उभी राहून खर्च खात व्हती. माझं पण काम निम्म्यावर आलं व्हतं. पण ते सगळ्याच फुलवाल्यांचं झालं, माझं एकटीचं काय सांगायचं.

साहेब शिंप्याची टेप घेऊन बँडवाल्याच्या आवारात हजर. मला पण बोलावलं, टेपचं दुसरं टोक धरायला. गाडीचा ड्रायव्हर विडी ओढत बघत व्हता. म्हणला, "काय साहेब, तिला ब्लाऊज शिवताय का?"

"शिवला असता," साहेब म्हणाले, "ही एका जागी स्वस्थ बसते, तुझ्या वहिनीसारखी मापाला हलत नाही."

हसत हसत माप चाललं. पण मला टेप माझ्या बोटांत सारखी थरथरताना कळत व्हती. वैशाखाचं ऊन, वारा नाय. मी त्यांच्याकडं बघितलं. टेपचं त्यांच्याकडचं टोक हलत व्हतं.

"थंडी वाजती का, साहेब?"

"नाही. हात ऐकत नाही अलीकडं." आन् लगेच दुसरीकडं वळले. "चला, आता बॉनेट."

मोटार ट्रकवर चढून गेली. साहेबांचं माझ्याकडं येणं पण कमी झालं. मला वाटलं, गाडी नाय तर कशाला येतील.

मंग वहिनी वेणी घ्यायला आल्या. वेणी घेऊन झाली तरी उभ्याच. "बाई, डॉक्टर म्हणतात कंपवात आहे. वाढतच जाणार. गाडी अर्धी पडलीय. रोज काढून पुढं ठेवतात, तास न् तास बघतात, परत कपाटात ठेवतात. जेवताना पण बोलत नाहीत." मंग माझ्या बोटांकडं बघून म्हणाल्या, "तुमचा हात बारीक चालतो. दुपारी थोडा वेळ याल का? ते स्वतः नाही विचारणार."

दुपारी फुलांना गिऱ्हाईक नसतंच. मी गेले.

मला बघून साहेब खूश झाले नाय. "हे काय गजरा करायचं काम आहे?" असं वहिनींना बोलले. मी तिथंच व्हते, पण मला राग नाय आला. हात गेलेल्या माणसाचं बोलणं असंच असतं. नवऱ्याची पाठ गेली तेव्हा तो पण असंच बोलायचा. मी खाली बसले आन् म्हणले, "दाखवा तरी."

पहिल्याच दिवशी मी घोळ केला. आम्हा फुलवाल्यांचा हात कायम ओला. फूल उचलायचं तर बोट आधी पाण्यात, त्याशिवाय पाकळी नीट राहत नाय. समोर वाटीत पाणी व्हतं, रंगाची कुंचली धुवायचं. मी सवयीनं बोटं बुडवली आन् दाराची कडी उचलली. ते चिकटवायचं औषध पाणी लागल्या लागल्या पकडतं आन् वर पांढरं फटक येतं. कडी वाकडी बसली, दारावर मीठ फुटल्यासारखा डाग, आन् माझं बोट दाराला.

साहेब बघत राहिले. मंग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, कंपवात. पण ते हसत व्हते. "बाई, ही फुलं नाहीत हो! कोमेजणार नाहीत. कोरड्या हातानं घ्या."

वहिनी आतनं धावत आल्या. कित्येक दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसलं व्हतं.

त्या दिवसापासून मी जात राहिले. ते सांगायचे, मी करायची. "जरा डावीकडं. अजून. बास. आता श्वास सोडा." बोनेट एका खोक्यातलं, चाकं एका ट्रकच्या खोक्यातली, बाकी अंग जुन्या डब्याच्या झाकणातनं कापलेलं. आमची भांडणं पण व्हायची. मला कधी कधी डोळ्यांना कमी दिसायचं, तर ते म्हणायचे, "अहो, तो दिवा आहे, भजं नाही." मी म्हणायची, "मंग तुम्हीच लावा." मंग ते आत वहिनींना म्हणायचे, "चहा टाक गं." म्हंजे मिटलं.

रंगाचा प्रश्न आला. बँडवाल्यानं ती मोटार पांढरी केली व्हती. पण मापाच्या दिवशी साहेबांनी दाराच्या सांध्यात खरवडून बघितलं व्हतं. खाली गुलाबी, त्याच्याखाली काळा, पार तळाला हिरवा. तोच तिचा असली रंग. मला वाटलं, आता हिरवाच लावतील. तर म्हणाले, "हिरवी मी कधी पाहिली नाही. आपण पाहिली ती पांढरी. पांढरीच करा."

शेवटी राहिलं नुसतं स्टेअरिंग. बांगडीसारखं, पण टिकलीयेवढं. ते मात्र म्हणाले, "हे मी लावतो."

चिमटा उचलला. हात येवढा हलला की स्टेअरिंग खाली पडलं. परत उचललं, परत पडलं. तिसऱ्यांदा मी वाकले तर म्हणाले, "राहू द्या." आवाज अगदी बारीक. मला काय करावं ते कळंना. परक्या माणसाचा हात कसा धरायचा? मी वहिनींकडं बघितलं.

वहिनी पुढं आल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही मनगट धरा, मी कोपर धरते." तशा आम्ही दोघी, आन् मधे साहेबांचा हात. माझ्या मुठीत त्यांचं मनगट पाखरू धरल्यासारखं फडफडत व्हतं. हळूहळू चिमटा खाली आला. स्टेअरिंग दांडीवर बसलं.

बसलं ते तिरपं. चाकं सरळ आन् स्टेअरिंग एका अंगाला वळलेलं. औषध अजून वाळलं नव्हतं, मी म्हणले, "सरळ करू का?"

साहेबांनी गाडी डोळ्यांसमोर धरली. लय वेळ बघितलं. "नको," म्हणाले. "कोणीतरी आत्ताच उतरलंय, असं वाटतंय."

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात साहेब गेले. झोपेतच गेले, जास्त त्रास झाला नाय. दुसरी गाडी त्यांनी मागितली नाय. शेवटचे महिने ती पांढरी मोटार समोर घेऊन बसायचे, पण आता वहिनींशी बोलत बसायचे. आग्रा रोडच्या गोष्टी, मनमाडच्या ताडपत्रीची गोष्ट. वहिनी म्हणायच्या, "संसारभर बोलले नसतील तेवढं बोलले."

घर आवरून वहिनी लेकीकडं राहायला निघाल्या तेव्हा मी गेले व्हते. कपाटातल्या गाड्या कागदात गुंडाळून खोक्यांत भरल्या व्हत्या, खोकी जावयानं डिकीत लावली. सायकल शेजाऱ्यांना दिली. वहिनींनी माझा हात दाबला. मंग मागच्या सीटवर बसल्या. पांढरी मोटार खोक्यात नव्हती. पदर दुमडून मांडीवर ठेवला, त्याच्यावर मोटार, आन् दोन्ही तळव्यांनी तिला आडोसा केला.

जावयानं गाडी चालू केली. मी काचेपाशी उभी व्हते म्हणून ऐकलं. वहिनी पुढं वाकून म्हणाल्या, "जरा हळू घ्या हो. मांडीवर गाडी आहे."