येसाजीचं इमान

येसाजीकाकांचा घात झाला तो एका शब्दानं, आणि तो शब्द त्यांच्याच तोंडून निघाला. आठवलं की माझं अजून डोकं फिरतं. पुंडलिक कारकुनाबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील, तर दुसऱ्या कुणाला विचारा.

कॅसलरॉकला तेव्हा गोव्याची हद्द सुरू व्हायची. सामानाची झडती पुरी होईपर्यंत गाडी हलायची नाही. पुंडलिक त्या नाक्यावर कारकून. मूळचा खानापूरकडचा, एकदा इंग्रजी सुरू केलं की थांबायचा नाही. येसाजीकाका आपले कुणबी. स्टेशनच्या दिवेखोलीत कामाला, डब्यांतले विजेचे दिवे आणि बॅटऱ्या त्यांच्याकडे. आमची आणि त्यांची भिंत एकच. पुंडलिक एकटा म्हणून दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवायचा. भाऊबीजेला गिरजाकाकू त्याला ओवाळायच्या. म्हणजे घरचाच माणूस म्हणा ना.

एकदा विमान चालवणारा एक गोरा साहेब गाडीनं गोव्याला निघाला होता. विमान त्यानं बेळगावच्या माळावर ठेवलेलं. झडतीच्या वेळी तो पुंडलिकाशी बोलत बसला. रात्री विमान चालवताना समोरच्या तबकड्यांवरचे दिवे डोळ्यांवर येतात आणि बाहेरचं काही दिसत नाही. विझवले तर उंची किती, वेग किती, तेच कळत नाही. हे पुंडलिकानं जेवताना सांगितलं आणि विचारलं, "कंदिलाची वात बारीक करतोस, तसा विजेचा दिवा बारीक करता येईल काय रं, येसा?"

"येईल की," काका म्हणाले. "पर एकदा तरी मला त्यो इमानात लागल्याला बगायचा हाय."

काकांच्या तोंडी विमान म्हणजे इमान. आम्ही पोरी हसायचो.

"तुलाच न्हेतो बसवायला. माझा शबूद," पुंडलिक म्हणाला.

झालं, काकांना दुसरं काही सुचेना. त्यांनी मोडक्या यंत्रातली जर्मन सिल्व्हरची तार मिळवली. अशी तार जितकी लांब, तितकी वीज वाटेतच दमते आणि दिवा बारीक होतो, असं ते आम्हाला समजावून सांगायचे. आधी लाकडाच्या रिळावर गुंडाळली, तर तार तापून लाकडाचाच धूर निघाला. मग गिरजाकाकूंनी वारुळाची माती चाळली, मळली, बोटाएवढी नळी केली आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजली. दोन तडकल्या, तिसरी टिकली. वेढ्याला वेढा लागू न देता काकांनी तीवर तार गुंडाळली आणि तारेवरून सरकणारी पितळी पट्टी बसवली. पट्टी एका टोकाला नेली की दिवा लख्ख, दुसऱ्या टोकाला नेली की राखेखालच्या निखाऱ्याएवढा. पण विझायचा नाही. काकू तर बघतच बसल्या.

साहेब गोव्याहून परत आला तेव्हा पुंडलिक त्याला दिवेखोलीत घेऊन आला. दार लावून अंधार केला. साहेबानं पट्टी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली आणि मोठ्यानं हसला. मग त्यानं काहीतरी विचारलं. पुंडलिक छातीवर हात ठेवून बराच वेळ इंग्रजीत बोलला. काकांना वाटलं, किती मनापासून बोलतोय आपल्यासाठी! साहेब मग काकांकडे वळला आणि त्यांनाही काही विचारलं.

"साहेब विचारतोय, खूश हाईस न्हवं?" पुंडलिक म्हणाला.

"व्हय, व्हय!" काकांनी जोरात मान हलवली.

साहेबानं पुंडलिकाचा हात हातात घेतला आणि काकांच्या हाती आपली बॅग दिली. काका ती बॅग डब्यापर्यंत घेऊन गेले. मिरवत घेऊन गेले हो!

गाडीचा गार्ड काएतान मघाशी दिवेखोलीच्या दाराशी उभा होता. तो गोव्याचा, त्याला इंग्रजी कळायचं. त्यानं काकांना बाजूला घेतलं. "येसाजी, ताणें सांगलें, दिवो हांवेंच केला म्हूण. तूं फकत दिवे पुसता. सायबान तुका विचारलें, हें खरें? आनी तूं व्हय म्हणालो!" म्हणजे दिवा आपणच केला असं पुंडलिकानं सांगितलं होतं, आणि काकांनी त्यालाच मान हलवली होती.

पुंडलिक नेहमीसारखा जेवायला आला. काकांनी विचारलं तर म्हणतो कसा, "तुझं नाव साहेबाच्या जिभंवर बसलं नसतं. आणि तू हुतास की समोर. व्हय म्हणालास की!"

गिरजाकाकूंनी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. "ऊठ," एवढंच म्हणाल्या. केसानं गळा कापणाऱ्याला एवढंच? मी असते तर ताट डोक्यात घातलं असतं.

साहेबानं पुंडलिकाला नोकरी दिली. बेळगावहून तो मुंबईला गेला, आणि तोही विमानातून. काका दिवेखोलीत जायचे, काचा पुसायचे, घरी यायचे.

पुढच्या वर्षी उळवीच्या जत्रेच्या सुमाराला पुंडलिक परत आला. साहेबाला आणखी विमानांसाठी तसलेच दिवे हवे होते, आणि यानं केलेलं प्रत्येक रीळ जळत होतं. तारेखालच्या मातीच्या नळीकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. ताटावरून उठवलेला माणूस पुन्हा त्याच दारात उभा राहिला. "येसा, माझी अब्रू तुझ्या हातात हाय. करून देशील न्हवं?"

"व्हय," काका म्हणाले.

तो रोज विचारायला यायचा. काका रोज हसून "व्हय, व्हय" म्हणायचे. त्याची गाडी लागली तेव्हा काका फलाटावर आले ते रिकाम्या हातांनी.

"अरं, तू व्हय म्हणालास की!" पुंडलिक ओरडला.

"तवा बी म्हणालो व्हतो."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? टाळी वाजवणार होते. पण बघितलं तर काका रडत होते. गाडी गेली तरी तिथंच उभे. दुसरा मित्र त्यांनी केलाच नाही, आणि तारही पुन्हा कधी गुंडाळली नाही.

पुढे म्हातारपणी कधी जंगलावरून घरघर ऐकू आली की आम्ही अंगणात धावायचो. काका ओट्यावरून उठायचे नाहीत. "इमान बगायचं ऱ्हाऊनच गेलं," म्हणायचे.

तेव्हा मात्र आमच्यातलं कुणी हसायचं नाही.