खाऱ्या हवेच्या माथी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — का सांगतोय, ते मला तरी कुठे नीट कळलंय?

मी अलिबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी बरीच वर्षं मुंबईत युनिक्स या कॉम्प्युटर-प्रणालीवर काम केलं, आणि ती मिजास अजून गेलेली नाही. गिऱ्हाइकाच्या विंडोजवरही मी युनिक्सच्या आज्ञा चालवणारा एक थर बसवतो. गरज असते म्हणून? छे. मिरवायला आवडतं म्हणून.

कुंदाताई जवळच्या थळ गावच्या. शाळेत शिकवतात. त्यांची आई धवलारीण होती — लग्नघरी विधी चालवणारी, धवले गाणारी. आई थकली तेव्हा ताईंनी तिच्याकडून एकेक धवला गाऊन घेतला, रेकॉर्ड केला. आई गेली. गाणी त्यांच्या कॉम्प्युटरवर विखुरलेली राहिली. ती विधींच्या क्रमानं लावून देतो, असं मीच म्हणालो. एक नवा फोल्डर केला आणि त्यात गाण्यांच्या नुसत्या लिंका ठेवल्या. लिंक म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. गाणं तिथे नसतं, कुठे आहे एवढंच लिहिलेलं असतं.

त्या फोल्डरची रोज बाहेरच्या डिस्कवर प्रत निघावी म्हणून मी 'जमा' नावाची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी यादी, लिहिली. लिंकमागचं खरं गाणं उचलणारी. चार फालतू फायलींवर चालवून पाहिली — उत्तम. पण शेजारीच माझा जुना प्रोग्राम पडला होता, 'जमा डॉट ईएक्सई'. तो लिंकेची नक्कल लिंक म्हणूनच करायचा. युनिक्सच्या थरात मी 'जमा' म्हटलं की स्क्रिप्ट चालायची. विंडोजनं रोजच्या वेळी 'जमा' म्हटलं की ते मागे ईएक्सई जोडून जुना प्रोग्राम चालवायचं. हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं. लक्षात राहिलं नाही.

पुढे मशीन संथ झालं म्हणून ताईंनी दुकानात आणलं. प्रत आहे ना, विचारलं. आहे, म्हणालो. उघडून पाहिली नाही. डिस्क पुसली, विंडोज नव्यानं टाकलं, मग प्रत उघडली. सगळी नावं जागच्या जागी. आवाज एकातही नाही. साऱ्या चिठ्ठ्या मी नुकत्याच रिकाम्या केलेल्या घराकडे बोट दाखवत होत्या.

चूक कुणाकडून होत नाही? — हे मी स्वतःला इतक्यांदा म्हटलंय की आता त्याचीच लाज वाटते. कारण सांगायचंय ते हे नव्हे.

ताईंना मी म्हणालो, खाऱ्या हवेनं डिस्क गेली, बाहेरची प्रतही उघडत नाही. आमच्याकडे हे कुणालाही पटतं. खारी हवा कड्या खाते, पंखे खाते, टीव्ही खाते. ताई बोलल्या तेव्हा शाळेतली भाषा गळून पडली.

"तुजी काय चूक, भाऊ? दर्याकरची खिरकी मीच उगरी ठेवायची."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो.

आणि — दुसऱ्या दिवशी त्या पत्ता घेऊन आल्या. गेलेला डेटा परत काढणारा कुणी मुंबईत होता. मांडव्याहून बोटीनं स्वतः जाते म्हणाल्या. तेव्हा कदाचित पुष्कळ काही परत निघालं असतं. पण डिस्क बघताच तो म्हणाला असता, ही तर धडधाकट आहे, कुणीतरी पुसलीय. मी म्हणालो, तुम्ही कशाला जाता, मी पाठवतो. मशीनमध्ये दुसरी डिस्क बसवून दिली. जुनी ठेवून घेतली. पाठवली नाही. आठवड्यानं सांगितलं, काहीच निघालं नाही.

ताईंच्या मुलीच्या हळदीला मी गेलो होतो. ताईंनी आईचा धवला म्हणायला घेतला आणि मध्येच अडल्या. पुढचे शब्द येईनात. बायका वाट बघत राहिल्या. "आयचा आवाज माज्यामुलं गेला," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी मांडवातच होतो, हातात सरबताचा पेला घेऊन. उठावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं. मी सरबत संपवलं.

अजूनही भेटल्या की विचारतात, काही नवीन उपाय निघाला का. मी म्हणतो, बघतो.

ती डिस्क मी नंतर पुन्हा पुसून एका वकिलांच्या मशीनमध्ये बसवली. चांगली चालते आहे.